शेड्यूल त्यांचं, साठा आपला

पलूस-कुंडल भागात महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला की कारखानदारांच्या गप्पांचा क्रम ठरलेला असतो. आधी पाऊस, मग कुणाच्या तरी घरचं लग्न, आणि चहा येईपर्यंत, "काय, शेड्यूल आलं का?"

हा कारखानदार म्हणजे टाय लावलेला माणूस नव्हे. दोन लेथ, कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी मशीन, मागं पत्र्याची शेड, पुढं तुळशीवृंदावन, एवढा त्याचा पसारा. बिडाचं कास्टिंग आणायचं, कातायचं, भोकं पाडायची आणि पुण्या-कोल्हापूरच्या मोठ्या कंपनीला पाठवायचं. मोठ्या कंपनीला तो 'कस्टमर' म्हणतो. देवाला जशी एकेरी हाक मारतात तशी ह्यालाही मारतो, पण नवससुद्धा ह्यालाच बोलतो.

पूर्वी ऑर्डर यायची. इतके नग, हा दर, ही तारीख. आता येते ती 'ओपन' ऑर्डर. तिच्यात भाग क्रमांक असतो, दर असतो, दंडाची कलमं तर ठळक अक्षरात असतात. नग किती, तेवढंच नसतं. ते दर महिन्याला कळवलं जातं, आणि त्याला शेड्यूल म्हणतात. शेड्यूल 'येतं', 'वाढतं', 'पडतं'. ते कुणी करतं असं आमच्याकडं बोलण्यात येत नाही. पाऊसही कुणी पाडत नाही, तो पडतो.

हे शेड्यूल सांभाळायला आता सॉफ्टवेअर आलंय. आधी त्याची बाजू सांगतो, कारण यंत्राचा अपमान करणं कुंडल-किर्लोस्करवाडीच्या मातीत बसत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांचे आकडे पक्के, पुढच्या महिन्याचे कच्चे, त्यापुढचे नुसता अंदाज, अशी ते प्रतवारी लावतं. पक्क्यावर माल पाठवायचा, कच्च्यावर लोखंड आणायचं, अंदाजावर बायकोला दिवाळीचं काही बोलायचं नाही. नवं शेड्यूल आलं की जुनं आपोआप बाद. कस्टमरनं वर्षाच्या सुरुवातीपासून एकूण किती मागितले, आपण एकूण किती पाठवले, ह्याची बेरीज चालू राहते आणि तूट तांबड्या रंगात दिसते. रस्त्यात असलेला ट्रक आपल्या हिशेबात गेलेला असतो. त्यांच्या हिशेबात तो गेटवर वजन होईपर्यंत जन्मलेलाच नसतो. ह्या दोन बेरजांची समजूत काढण्यात पूर्वी एका कारकुनाचा आख्खा दिवस जायचा. आता मशीन ते क्षणात करतं. कारकून तो वेळ कस्टमरला फोन लावण्यात घालवतो.

फोन कशाला? तर स्क्रीनवर जे 'पक्कं' लिहिलंय ते खरंच पक्कं आहे का, हे विचारायला.

एक ओळखीचे कारखानदार म्हणाले, "सॉफ्टवेअर म्हंतंय बाराशे. म्या फोन केला तर परचेसवाला म्हंतोय, तूर्त आठशे पाठवा. स्टोअरवाला म्हंतोय, जागाच न्हाई, आनू नका. आनि लाइनवाला रातीच्या अकराला फोन करतोय, लाइन थांबलीया, पन्नास नग घेऊन निघा." निघाले. दुधाची गाडी परतीला पुण्याला निघाली होती, तिच्यात ओळख काढून बसले, मांडीवर पन्नास नग. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरमध्ये नोंद झाली: पुरवठा अंशतः, उशिरा.

ही 'उशिरा' नावाची नोंद मोठी चिवट. महिनाअखेरीला तिचा टक्का निघतो. टक्क्याला रंग असतो, हिरवा, पिवळा, तांबडा. रंग पुरवठादाराला मेलनं कळवतात, आणि पोरीच्या लग्नाच्या बोलणीतही तो निघू शकेल अशा थाटात कळवतात. आता मला सांगा, महिन्यात तीनदा आकडा फिरवणाऱ्या कस्टमरचा टक्का कुठं निघतो? त्याचा रंग कोणता? जुनी शेड्यूलं सॉफ्टवेअरच्या पोटात असतात बरं का. कुठल्या तारखेला किती मागितलं होतं आणि कुठल्या तारखेला ते निम्मं केलं, सगळं तिथं जपून ठेवलेलं असतं. ते उघडायचं बटणही असतं. ते बटण दाबून कस्टमरला दाखवायची हिंमत कुठल्याच पॅकेजमध्ये मिळत नाही.

कुंडलचं कुस्ती मैदान महाराष्ट्रात गाजलेलं. तिथं जोड ठरली की हँडबिलावर दोघांची नावं येतात, आणि कोण आखाड्यात उतरला नाही हे हजारो माणसं बघतात. ह्या धंद्यात एकाच पैलवानाचं नाव छापतात.

दरम्यान शेडमध्ये चारशे नग पडून असतात. त्यांना तेल लावायचं, गंज चढू द्यायचा नाही, बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये दाखवायचे, आणि कॅश क्रेडिटचं व्याज भरायचं. त्या चारशे नगांवर कस्टमरचं चिन्ह ओतलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला विकायचीही सोय नाही. मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात मात्र ओळ येते की आम्ही साठा कमी केला. केला ना! तो आमच्या पत्र्याखाली आहे. व्यवस्थापनशास्त्रात साठा नाहीसा करायची युक्ती अजून सापडलेली नाही. तो पुढच्या, जरा गरीब माणसाच्या दारात नेऊन ठेवता येतो, एवढीच सापडली आहे.

ह्याच माळावर एकेकाळी उलटं घडलं होतं, म्हणून ही बोच जास्त. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून इथं आले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली. तेव्हा स्टेशन होतं 'कुंडल रोड'. किर्लोस्करवाडी हे नाव मागाहून आलं. त्याआधी बेळगावात लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला होता आणि शेतकऱ्यांचा पक्का समज होता की लोखंडानं जमीन नासते. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली, असं सांगतात. दोन वर्षं! त्या काळात शेड्यूल नव्हतं, पोर्टल नव्हतं, कच्चं-पक्कं नव्हतं. नांगर करणारा तोच, पडून राहिलेले नांगर बघणारा तोच, आणि त्याचा घोर लागणाराही तोच. अंदाज चुकला तर तो त्याच्या अंगावर पडे. खाली ढकलायला कुणी नव्हतं, हीही गोष्ट खरी.

पुढं १९२० साली गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची हालहवाल पोचावी म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघाली. शंकरराव किर्लोस्करांनी तिचं मासिक केलं आणि मराठी मध्यमवर्गानं ते कथा-लेखांसाठी डोक्यावर घेतलं. आता गिऱ्हाईक आणि कारखाना ह्यांच्यामध्ये पोर्टल आहे. पोर्टलवर कथा येत नाहीत असं नाही. सहा महिन्यांचा 'अंदाज' दर पहिल्या तारखेला नेमानं येतो, आणि कल्पित वाङ्मयाचे सगळे गुण त्याच्यात असतात.

आता कुणी म्हणेल, हे लहान कारखानदारांचं रडगाणं झालं. कुंडलचं खरं गिऱ्हाईक गोड आहे. तर चला साखरेकडं.

कुंडलला क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाडांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. त्या एका कारखान्याचं मी काही सांगत नाही. देशातल्या सगळ्याच साखर कारखान्यांचं सांगतो, कारण विक्रीच्या वेळापत्रकाबाबत सगळ्यांचं नशीब एका छापाचं आहे. साखर विकत घेणारा व्यापारी. तो निविदा भरतो, दर ठरतो, मग सवडीनं उचल करतो. पण किती विकायची हे ना व्यापारी ठरवत, ना कारखाना. ते दिल्ली ठरवते. महिना संपता संपता पुढच्या महिन्याचा कोटा जाहीर होतो. देशभरासाठी बावीस-चोवीस लाख टन, आणि त्यातला कोणत्या कारखान्याचा किती. ही पद्धत २०१३ मध्ये गेली होती. रंगराजन समितीनं सांगितलं, सरकारनं ऐकलं, सगळ्यांनी पेढे वाटले. साखरेचा दर पडला, शेतकऱ्यांची देणी थकली, आणि जून २०१८ मध्ये ती पद्धत परत आली. पेढ्यांची साखर मात्र परत आली नाही.

साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर म्हणूनच बघण्यासारखं असतं. विक्रीच्या खिडकीत गिऱ्हाइकाचं नाव आहे, पत्ता आहे, वायदा आहे. पण जिनं तारीख ठरवली त्या दिल्लीसाठी रकाना नाही. कोट्यापेक्षा जास्त विकलं तर कारवाई. आणि महिनाअखेरीला कुणाचा कोटा उरलाय, हे व्यापाऱ्याला कळल्याशिवाय राहतं होय? तो दर पाडायला पंचवीस तारखेनंतरच येतो. उरलेली साखर गोदामात, तीही तारण. पोती कारखान्याची, किल्ली बँकेची, तारीख दिल्लीची. चेअरमनसाहेबांकडं राहिली ती वार्षिक सभा.

२०१८ च्या त्याच हुकमानं साखरेला किमान विक्री दर आला, किलोला २९ रुपये. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ झाला, आणि पुढं कितीतरी वर्षं जागचा हलला नाही. उसाची एफआरपी, म्हणजे कायद्यानं ठरलेला किमान ऊसदर, मात्र २०१८-१९ ला क्विंटलला २७५ रुपये होती ती २०२५-२६ ला ३५५ वर गेली. मधल्या काळात साखरेच्या उताऱ्याचा पाया दहावरून सव्वादहा टक्के केला, ती बारीक गंमत वेगळी. तर सॉफ्टवेअरमध्ये उसाचा दर दरवर्षी बदलायचा आणि साखरेच्या किमान दराच्या रकान्यावर धूळ. त्या रकान्यासाठी वेगळी देखभाल फी घेणाऱ्या कंपनीचं कौतुक वाटतं.

२०१८ चा तो हुकूम निघाला ७ जूनला. कुंडलच्या माणसाला ही तारीख निराळ्या कारणानं पाठ असते. ७ जून १९४३ ला स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ रेल्वे अडवून इंग्रज सरकारच्या पगाराची रोकड पळवली. कुंडल तेव्हा प्रतिसरकारची राजधानी. दुसऱ्यानं आखलेलं वेळापत्रक कसं वाचायचं, ह्याचा आमच्या भागातला तो सगळ्यात यशस्वी नमुना. गाडी कधी निघणार, पैसे कुठल्या डब्यात, सोबत शिपाई किती, हे सगळं ठाऊक होतं आणि कुठलंही पॅकेज वापरलं नव्हतं. त्यांच्या नातवंडांना बरोबर पंचाहत्तर वर्षांनी त्याच तारखेला दिल्लीनं साखरेचं वेळापत्रक धाडलं, हा निव्वळ योगायोग. दिल्लीला इतका इतिहास येत असता तर भीती वाटली असती.

साखरेतून सुटका म्हणून इथेनॉल आलं. तिथं गिऱ्हाईक एकदम भारदस्त, सरकारी तेल कंपन्या. निविदा, दर, तिमाही वेळापत्रक, कुठल्या डेपोला किती टँकर, सगळं आखीव. कारखान्यांनी व्याज सवलतीच्या योजनेत कर्ज काढून आसवन्या उभ्या केल्या, सॉफ्टवेअरमध्ये नवीन खिडकी बसवली. पुरवठ्याचं वर्ष सुरू झालं १ नोव्हेंबर २०२३ ला. आणि ७ डिसेंबरला आदेश आला, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका. पाऊस कमी झालाय, साखर कमी पडेल. वर्ष सुरू होऊन सव्वा महिना झाला होता. आठवड्याभरात जरा ढील दिली, देशभर मिळून सतरा लाख टन साखरेएवढा रस आणि बी-हेवी मळी चालेल. हंगाम सरला तेव्हा महाराष्ट्रातच साखर एकशे दहा लाख टनांच्या घरात गेली होती, म्हणजे भीतीपेक्षा पुष्कळ जास्त. ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी पुढच्या वर्षापुरती उठली.

आता हे सॉफ्टवेअरच्या भाषेत कसं लिहायचं? 'कस्टमरनं शेड्यूल बदललं' असं लिहिता येत नाही, कारण तेल कंपनी घ्यायला तयार होती. 'पुरवठादारानं उशीर केला' असंही नाही, कारण आसवनी गरम होती. तिथं तिसरा पर्याय नसतो. ऑपरेटरनं 'इतर' निवडलं असणार. सहकारातल्या कैक कर्जांची कारणं ह्या 'इतर'मध्ये सापडतील.

पण साखर कारखान्यावर फार दया दाखवू नका. त्याच्याही खाली एक जण आहे.

उसाची नोंद आता मोबाइलवर होते. लागणीची तारीख, जात (को ८६०३२ की ०२६५), क्षेत्र, उभ्या उसाचा फोटो, जमिनीचे अक्षांश-रेखांश. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, असा कार्यक्रम सॉफ्टवेअर लावतं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा झाला की त्याचा नंबर. स्क्रीनवर इतका न्यायी क्रम कुठल्याच सरकारी कचेरीत बघायला मिळायचा नाही.

मग मळ्यात जा. नंबर आलेला असतो, तोडणीची टोळी आलेली नसते. कारखान्याच्या चिटबॉयला फोन करायचा. तो म्हणतो, "मुकादमाला बोला." मुकादम म्हणतो, "वाट चांगली न्हाई, ट्रॅक्टर रुततंय." त्याचा अर्थ वाटेशी संबंधित नसतो हे गावात सगळ्यांना ठाऊक, एकरी किती, एवढंच विचारायचं राहतं. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं, खोडव्याचं नियोजन बिघडतं. म्हणजे इथंही पुरवठादाराच्याच दारात साठा, आणि तोही दररोज वाळणारा. पुण्याची मोठी कंपनी साठा कारखानदाराच्या शेडमध्ये ठेवते, साखर कारखाना शेतकऱ्याच्या वावरात. शेतकऱ्याला पुढं ढकलायला कुणी उरत नाही. त्याच्या मागं फक्त सोसायटीचं कर्ज असतं, आणि त्याचं शेड्यूल कधीच पडत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. ह्या सगळ्या उतरंडीत तळाच्या माणसाला कायद्यानं एकाच ठिकाणी तारीख दिलीय. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. ही तारीख काही सॉफ्टवेअर कंपनीच्या औदार्यातून आलेली नाही. ती पाळून घ्यायला दरवर्षी रस्त्यावर बसावं लागतं, ऊस परिषदा घ्याव्या लागतात, ट्रॅक्टरच्या चाकांतली हवा जाते. पण लिहिलेली आहे. कारखान्याच्या ईआरपीला, म्हणजे त्याच सॉफ्टवेअरला, ती मोजावी लागते.

लहान कारखानदारालाही अशी एक तारीख आहे, हे पुष्कळांना सनदी लेखापालानं सांगितल्यावर कळलं. २००६ च्या कायद्यानं पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून तर लहान उद्योगांचे पैसे वेळेत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात धरता येत नाही. तक्रारीला सरकारी पोर्टलही आहे. त्यावर अर्ज करणं अगदी सोपं. अर्ज केल्यावर पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य येतं, तेही सोपं. मी त्या ओळखीच्या कारखानदारांना विचारलं, व्याज कधी मागितलं का? ते हसले. "व्याज मागायला मुद्दल तर यायला पायजे. आनि मुद्दल मागायला फुडचं शेड्यूल."

आता सरकारलाही ह्या सॉफ्टवेअरची गोडी लागलीय. २०२५ मध्ये साखरेचा, उसाचा नव्हे, १९६६ चा जुना नियंत्रण आदेश मोडीत निघाला, नवा आला, आणि त्यात कारखान्यांची ईआरपी थेट केंद्राच्या यंत्रणेला जोडायची सोय झाली. म्हणजे कारखान्यातली पोती आता दिल्लीला बसल्या जागी दिसणार. छान झालं. उलट्या बाजूची खिडकी, म्हणजे पुढच्या महिन्याचा कोटा दिल्लीत कुणाच्या मनात कुठवर आलाय ते कुंडलला दिसावं अशी, त्या आदेशात मला काही सापडली नाही. बहुधा पुढच्या आवृत्तीत येईल.

परवा आमच्या त्या कारखानदारांकडं सॉफ्टवेअर कंपनीचा प्रतिनिधी आला होता. नवी आवृत्ती विकायची होती. लॅपटॉप उघडून त्यानं रंगीत आलेख दाखवले, कस्टमरचं शेड्यूल आपोआप उतरवून घेणारी खिडकी दाखवली, तुटीवर लाल दिवा लागतो तोही दाखवला. कारखानदारांनी सगळं मन लावून बघितलं, चहा पाजला आणि म्हणाले, "साहेब, एक रकाना वाढवून द्या. कस्टमरनं शेड्यूल किती वेळा बदललं आनि त्यापायी माझा किती माल पडून हाय, येवडंच. महिनाअखेरीला त्याची छापील प्रत निघाली पायजे."

प्रतिनिधीनं वहीत लिहून घेतलं. म्हणाला, हे कस्टमायझेशनमध्ये येतं, वेगळे पैसे पडतील.

"पडू द्यात. किती दिवसांत मिळंल?"

"ते असं लगेच नाही सांगता येणार," तो लॅपटॉप मिटवत म्हणाला. "आम्ही तुम्हाला शेड्यूल पाठवतो."